खुराक राहिला, तालीम सुटली

(महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या आरोग्य मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



मी डॉक्टर नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर. रुग्णालयाचे हिशेब पाहणे हे माझे काम. परंतु हिशेबाच्या खिडकीतूनही आजार दिसतात. चाळिशीतील कर्त्या पुरुषाचे डायलिसिसचे बिल हाती घेऊन त्याचा महाविद्यालयीन मुलगा समोर उभा राहतो, तेव्हा या खर्चाची पहिली नोंद बहुधा तरुणपणीच झाली असावी, असे वाटते.

राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभारलेल्या या नगरीत दूध-बदामाचा खुराक सर्वांना ठाऊक आहे. मल्ल मात्र तो शेकडो जोर-बैठकांनी जिरवीत असत. आज खुराक राहिला, तालीम सुटली. त्यात शीतपेये आणि वडापाव यांची भर पडली. जमा वाढली, खर्च घटला आणि शिल्लक पोटावर साचू लागली. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार व यकृतातील चरबी हे तिचे व्याज होय.

'मी तर सडपातळ आहे,' असे आपणांपैकी अनेकजण म्हणतील. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील चरबी डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के! म्हणूनच भारतीयांसाठी मर्यादा अधिक कडक आहेत. बीएमआय २३ झाला की वजन जादा आणि २५ झाला की स्थूलता समजतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

मीही आमच्याच शिबिरात वजनकाट्यावरून समाधानाने उतरलो होतो. टेपने मात्र ९६ सेंटिमीटर दाखविले. तेव्हापासून रोज सायंकाळी रंकाळ्याची फेरी चुकवीत नाही.

आपणांस दोनच विनंत्या. आज घरी गेल्यावर आपली व आई-वडिलांची कंबर मोजा. आणि वर्गातील स्थूल मित्राची थट्टा करू नका. त्याला सोबत घेऊन मैदानावर जा.

दात्यांच्या औदार्यामुळे गरजू रुग्णाच्या बिलात आम्ही सवलत देऊ शकतो. निकामी झालेले मूत्रपिंड मात्र पूर्ववत करू शकत नाही. आपल्यापैकी कोणावरही त्या खिडकीशी उभे राहण्याची वेळ न येवो, हीच सदिच्छा.