अपेक्षा न सोडणारी माया

आज शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

दोन वर्षं तुम्ही टाचणं काढलीत, सराव पाठ घेतलेत, मागच्या बाकावर बसून पाठाची निरीक्षणं लिहिणाऱ्या प्राध्यापकांचा ताण सोसलात. मुलांना मायेनं शिकवावं, हे तुम्हाला पटवायला मला इथं बोलावलेलं नाही. ते पटलेलं आहे म्हणूनच तुम्ही या वाटेला आलात. ते पटलेल्या माणसालाही मायेनं शिकवणं अवघड का जातं, यावर मी बोलणार आहे.

बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीसाठी गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि ट्रकमध्ये भांडी, सरपण, शेळी आणि पोरंबाळं चढतात. काही मुलं आजीजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहात. उरलेली फडावर जातात. धाकट्या भावंडाला सांभाळायला कुणीतरी लागतंच आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा मुलगी असते. कारखान्यांचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये ही मुलं परत येतात. तोवर वर्गाचा अभ्यासक्रम संपत आलेला असतो.

अशाच एका शाळेत मी पाचवीच्या वर्गात बसलो होतो. नुकतीच परतलेली एक मुलगी वाचायला उभी राहिली. पाचटानं ओरखडलेले हात, पुस्तक डोळ्यांच्या अगदी जवळ धरलेलं. साधे शब्द तिनं वाचले. जोडाक्षर आलं आणि ती थांबली. मागून कुणीतरी हसलं. बाई म्हणाल्या असत्या, "असू दे बाळ, बस खाली," तर आपल्यापैकी कुणालाही त्यात वावगं वाटलं नसतं. त्या तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "फडावर वाढे कसे विकायचीस गं?" मुलीनं शेकड्याचा भाव सांगितला, आणि अमुक पेंढ्यांचे किती होतील हे तोंडी, न अडखळता सांगितलं. बाईंनी तेच गणित फळ्यावर मांडलं आणि सगळ्या वर्गाला सोडवायला लावलं. त्यात बराच वर्ग चुकला. मग मधल्या सुट्टीत त्या तिला घेऊन जोडाक्षरांना बसल्या; दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. उन्हाळ्याची सुट्टी लागली तेव्हा ती मुलगी अजून अडखळतच होती, हेही मला तुम्हाला सांगितलं पाहिजे. पण तिला वाचायला उभं करणं बाईंनी एकदाही सोडलं नाही.

"असू दे, बस खाली" हे वाक्य अतिशय प्रेमळ आहे, आणि आपल्या शाळांमधून सगळ्यात जास्त मुलं त्याच वाक्यानं मागे पडली आहेत. छडी मारणारा शिक्षक आपल्याला दिसतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं, त्यातल्या 17 व्या कलमानं, शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली, ते योग्यच झालं. पण ज्या मुलाकडून शिक्षकानं मनातल्या मनात अपेक्षाच सोडली, त्याच्यासाठी कुठलं कलम नाही. गरीब आहे, घरी कुणी शिकलेलं नाही, त्याला कशाला त्रास, असं म्हणत आपण त्याला सोपी उदाहरणं देतो, सोपे प्रश्न विचारतो, पुढच्या वर्गात ढकलतो. नववीत गेल्यावर ते मूल एकटं पडतं. तोवर आपण चांगले शिक्षक म्हणून गावाच्या लक्षात राहिलेलो असतो.

अपेक्षा तीच ठेवायची आणि तिथवर जायची वाट मुलागणिक बदलायची, हे खरं काम आहे, आणि ते फार कष्टाचं आहे. डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ते करून दाखवलं. अनुताई तेराव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेल्या. 1945 मध्ये त्या बोर्डीला ताराबाईंच्या कामात आल्या आणि पुढचं आयुष्य त्यांनी वारली मुलांना दिलं. मुलं शाळेत येत नव्हती, तर बालवाडी त्यांच्याच पाड्यावर, घरासमोरच्या अंगणात नेली. मोठी मुलं गुरं राखायला जात होती, तर शाळा कुरणावर गेली. गुरं चरताहेत आणि झाडाखाली मुलं शिकताहेत, अशी ती कुरणशाळा. तुम्ही ही नावं परीक्षेपुरती पाठ केली असतील. पुन्हा एकदा नीट पाहा. गुराख्याच्या मुलाला शिक्षण नसलं तरी चालेल, असं या दोघींनी म्हटलं नाही, आणि गुरं सोडून ये तरच शिकवीन, असंही म्हटलं नाही. शाळेची वेळ, शाळेची जागा, शाळेची भाषा, सगळं मुलाच्या दिशेनं सरकलं. शिकणं मात्र सुटलं नाही.

आता त्याहून अवघड गोष्ट. अडचणीतलं पण गुणी, हात जोडून बोलणारं मूल आपल्याला लगेच आवडतं. जे मूल उलट उत्तर देतं, लहानांना मारतं, तुमच्या मागे तुमची नक्कल करतं, त्याच्याबद्दल काय? त्याच्याही घरी काहीतरी घडत असेल, हे पुस्तकात वाचणं सोपं आहे. आठवड्यातून पाचव्यांदा त्यानं तास मोडला असताना ते आठवणं सोपं नाही. शिवाय ज्याला त्यानं मारलं तेही मूल तुमचंच आहे. एकाला समजून घेताना दुसऱ्यावर अन्याय होतो का, हा प्रश्न तुम्हाला रोज पडेल, आणि त्याचं कायमचं उत्तर माझ्याजवळ नाही. इतकं सांगतो: मारलेल्या मुलाकडे आधी जा. मारणाऱ्याशी नंतर बोला, पण त्याच दिवशी बोला, आणि चारचौघांत बोलू नका. घरी काय झालं हे लगेच विचारू नका. सकाळी काय खाल्लंस, इतकंच विचारा. पुष्कळदा तिथूनच बोलणं सुरू होतं.

आणि तुमचं काय? आपल्याकडे मायाळू शिक्षक म्हटलं की साने गुरुजींचं नाव निघतं. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये 1924 ते 1930 ते शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या त्यांनी स्वतः झाडल्या, मुलांसाठी हातानं लिहिलेलं 'छात्रालय दैनिक' काढलं. मला त्यांच्याविषयी अपार आदर आहे. पण त्यांचं नाव घेऊन तरुण शिक्षकांवर जे ओझं टाकलं जातं ते मला मान्य नाही. शिक्षणसेवक म्हणून प्राथमिक शाळेत लागलेल्याला 2023 पर्यंत महिना सहा हजार रुपये मानधन होतं. आता ते सोळा हजार आहे. दोनशिक्षकी शाळेत एक जण दोन-दोन वर्ग सांभाळतो, पोषण आहाराच्या नोंदी ठेवतो, ऑनलाइन माहिती भरतो, मतदारयाद्यांच्या कामाला जातो. या माणसाकडे मुलासमोर शांतपणे बसायला वेळ कुठून येणार? मुलांना माया मिळावी असं ज्या सरकारला आणि समाजाला वाटतं, त्यांनी शिक्षकाचा वेळ त्याला परत दिला पाहिजे. ही मागणी तुम्ही संघटनेत, शिक्षण परिषदेत, केंद्रप्रमुखांसमोर मोठ्यानं करा. मुलांसाठीच करताय, संकोच नको.

तोवर, थकाल तेव्हा शाळेतल्या एका तरी सहकाऱ्याला खरं सांगत जा. अमुक मुलाचा मला राग येतो, हे मोकळेपणी म्हणता येईल असं एक माणूस शाळेत असू द्या. ज्या शिक्षकांना असं माणूस मिळालं ते वर्षानुवर्षं टिकलेले मी पाहिले आहेत. न मिळालेले चांगले शिक्षक कडवट होतानाही पाहिले आहेत.

शेवटी एक विनंती, आणि ती कुलगुरूंना आहे. बी.एड.च्या आंतरवासितेसाठी आपण शहरातल्या सोयीच्या शाळा निवडतो. त्यातले काही आठवडे गाळप हंगामात, साखर कारखान्यांच्या परिसरातल्या शाळांना द्यावेत. फडावरची मुलं शिक्षण हमी पत्रक घेऊन तिथं येतात, पण कुठं त्यांना बसायला जागा नसते, कुठं ती कुणाच्या नजरेलाच पडत नाहीत. टोळ्या उतरल्या की सकाळी कोप्यांवर फिरून मुलं गोळा करायला माणसं लागतात, आणि विद्यापीठाकडे ती आहेत. पहिली तुकडी येत्या दिवाळीनंतरच जाऊ शकेल. तिच्याबरोबर राहायला मी तयार आहे, आणि आज पदवी घेणाऱ्यांपैकी ज्यांना यायचं असेल त्यांनी कार्यक्रम संपल्यावर मला भेटावं.