करावरून फुटलेला पक्ष



इंग्लंडच्या रॉबर्ट पीलचे चरित्र आपल्या सीमाभागातील प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. १८४१ साली त्याचा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष निवडून आला तो जमीनदारांच्या बळावर. आणि परदेशी धान्यावरील जकात म्हणजे त्या वर्गाचा प्राण! १८४५ साली आयर्लंडात बटाट्याचे पीक कुजले. जकात उठविण्याचा निर्धार पीलने केला. १५ मे १८४६ रोजी कॉमन्सने विधेयक ३२७ विरुद्ध २२९ मतांनी संमत केले खरे, पण ते विरोधी व्हिगांच्या आधारावर. स्वपक्षाचे दोन-तृतीयांशांहून अधिक सभासद उलटले होते. जूनअखेर पीलला राजीनामा द्यावा लागला. पक्षाला पुन्हा निर्भेळ बहुमत लाभले ते थेट १८७४ साली!

भुकेल्याची भाकर महाग करणारा कर जावयासच हवा होता. माझा आक्षेप एवढाच की, ज्यांना वचन दिले त्या मतदारांपुढे पील पुन्हा गेला नाही. आणि त्याला विश्वासघातकी म्हणणारा डिझरेली? १८५२ साली अर्थमंत्री होताच त्यानेही ती जकात परत आणली नाही!

आपल्या समितीचे दोन गट २०१८ साली परस्परांविरुद्ध उभे ठाकले आणि २०१३ च्या दोन्ही जागा गेल्या. तेथे निदान भांडण कराचे होते. आपले कशाचे होते, हे त्या उमेदवारांनी एकदा या व्यासपीठावर येऊन सांगावे.