ऑसिलोस्कोपचें दुखणें



विजेला रूप नाहीं, आणि तिची चाल इतकी जलद कीं मनुष्याचा डोळा तिच्या मागें धांवूं शकत नाहीं. अशा विजेची हालचाल प्रकाशाच्या रेषेनें पडद्यावर काढून दाखविणारें यंत्र म्हणजे ऑसिलोस्कोप होय. त्याचें मूळ जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यानें 1897 सालीं स्ट्रासबुर्ग येथें तयार केलेल्या काचेच्या नळींत आहे. याच ब्राउनला बिनतारी संदेशविद्येंतील कामगिरीबद्दल 1909 सालचें नोबेल पारितोषिक मार्कोनीबरोबर विभागून मिळालें. म्हणजे रेडिओ ऐकणारा आणि रेडिओ दुरुस्त करणारा, असे दोघेही त्याचे ऋणी आहेत.

अमेरिकेंतील पोर्टलंड येथें 1946 सालीं स्थापन झालेल्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीनें हें यंत्र विशेष भरंवशाचें केलें. तिचें 465 या क्रमांकाचें यंत्र 1972 सालीं बाहेर पडलें. सेकंदाला 10 कोटी आवर्तनांपर्यंतचे दोन संकेत तें दाखवूं शकतें. त्या पिढीचीं यंत्रें अर्धशतक उलटल्यावरही कित्येकांच्या मेजावर चालूं आहेत. कित्येक मात्र मुकीं होऊन अडगळींत पडलीं आहेत. मुक्या यंत्राला बोलतें कसें करावें, हाच आजचा विषय.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. या यंत्राची चित्रनळी आतां नव्यानें कोणी बनवीत नाहीं. बाकीचे बहुतेक भाग मिळतील. नळी गेली तर यंत्र गेलें. पडद्यावर रेषा नाहीं असें पाहून उतावळा मनुष्य प्रकाशाचें बटन शेवटपर्यंत फिरवितो. मग एकाएकीं ठिपका प्रकट होतो, एकाच जागीं प्रखरपणें स्थिर राहतो, आणि आंतील लेप जाळून कायमचा डाग ठेवून जातो. दुरुस्तीचा पहिला नियम म्हणूनच असा, कीं प्रकाश मंद ठेवावा.

दुसरा नियम, पेटी उघडण्यापूर्वीं बटनें पाहावीं. रेषा वर किंवा खालीं सरकवून ठेवलेली असेल, तर ती पडद्याबाहेर उभी असते. प्रारंभाची कळ ‘नॉर्मल’वर असेल, तर संकेत आल्यावांचून रेषा निघतच नाहीं, ती ‘ऑटो’वर आणतांच पुष्कळदां रोगी बरा होतो. या यंत्रावर हरवलेली रेषा शोधण्यासाठीं एक स्वतंत्र बटन आहे. तें दाबल्यावर चित्र आक्रसून पडद्याच्या चौकटींत येतें. ठिपका किंवा आंखूड रेषा दिसली, तर नळी जिवंत आहे असें समजावें, आणि ज्या बाजूला ती झुकलेली असेल त्या बाजूनें शोध करावा.

इतक्यानें भागलें नाहीं तरच पेटी उघडावी. पण येथें जीवाची गांठ आहे. त्या नळींतील कणांना वेग देण्यासाठीं एकंदर सुमारें 18,000 व्होल्टांचा दाब लागतो, आणि वीज बंद केल्यानंतरही त्याचा कांहीं अंश आंत टिकून राहतो. साध्या मीटरनें तो मोजूं नये. चालू यंत्रांत एकच हात घालावा, दुसरा मागें ठेवावा. अंगठी व घड्याळ काढून ठेवावें. जमिनीची तार तोडून काम करण्याची खोड कांहीं कारागिरांना असते. ही खोड प्राणघातक आहे.

आतां खरी चिकित्सा. रेषा दिसत नाहीं म्हणून रेषा काढणाऱ्या भागांतच हात घालणें म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला. आधीं पुरवठा पाहावा. या यंत्रांत अल्प दाबाचे पांच पुरवठे आहेत : धन 110, धन 55, धन 15, धन 5 आणि ऋण 8 व्होल्ट. त्यांत धन 55 हा सर्वांचा मापदंड आहे. इतर पुरवठे स्वतःला त्याच्यावरून ताडून घेतात. दुकानांतील मूळ मापच खोटें असेल, तर त्यावरून केलेलीं सगळीं मापें खोटीं ठरतात. म्हणून प्रथम धन 55 मोजावा, मग बाकीचे.

समजा, चार पुरवठे ठीक आहेत, पण धन 15 च्या जागीं मीटर जेमतेम अर्धा व्होल्ट दाखवितो. नवशिका कारागीर म्हणतो, पुरवठा बिघडला. जाणता म्हणतो, थांबा. दाता दरिद्री झाला आहे, कीं कोणी एकच याचक सर्व कांहीं लुटून नेत आहे, हें आधीं पाहूं. यंत्र बंद करून, भिंतींतील प्लग काढून, त्या पुरवठ्यापासून जमिनीपर्यंतचा विद्युत्-विरोध तो मोजतो. तो एक-दोन ओम भरला, तर चोर सांपडण्याच्या वाटेवर आहे. मग त्या पुरवठ्यावरील एकेक शाखा सोडवीत जावें. जी शाखा सुटतांच विरोध वर चढतो, दोष त्याच शाखेंत. बहुधा तेथें टँटलम धातूचा, वाटाण्याएवढा एक कंडेन्सर आंतून जुळून बसलेला असतो. नवा बसवितांना धारणा तीच ठेवावी, दाब सोसण्याची शक्ति अधिक घ्यावी, आणि धन-ऋण टोकें तपासावीं. उलटा बसविल्यास तोही त्याच वाटेनें जातो. अशा वेळीं जाड फ्यूज घालून काम भागविणें म्हणजे ओरडणाऱ्या राखणदाराचें तोंड बांधणें होय.

कधीं रेषा दिसते, पण थरथरते. जेथें विजेचीं आवर्तनें सेकंदाला 50 आहेत, तेथें पुरवठ्यांत 100 आवर्तनांची लहर आढळली, तर गाळणीचे मोठे कंडेन्सर वाळले असावेत. लहर 50 ची असेल, तर प्रवाह एकदिश करणाऱ्या भागाचें एक अंग निकामी झाल्याचा संशय घ्यावा. बटन फिरवितांना चित्र उड्या मारीत असेल, तर कळींच्या आंतील स्पर्श मळले आहेत. त्यांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो. खरकागदानें घांसल्यास मळाबरोबर सोनेंही जातें. शुद्ध अल्कोहोलांत भिजविलेली मऊ कागदाची पट्टी त्यांमधून हलक्या हातानें ओढावी.

जुळवणीचे स्क्रू मात्र अगदीं शेवटीं. दोष सांपडण्यापूर्वीं ते फिरविणारा मनुष्य एका रोगाचे दहा रोग करतो, आणि मूळ रोग कोणता होता हें मग त्यालाही सांगतां येत नाहीं.

सरतेशेवटीं परीक्षा. यंत्राच्या तोंडावर 300 मिलिव्होल्टांची, सेकंदाला सुमारें 1,000 आवर्तनांची चौकोनी लहर देणारें एक टोंक आहे. ती लहर पडद्यावर घेऊन तिची उंची व रुंदी चौकटीशीं ताडावी. उंची कमी भरली, तर रेषा कितीही स्वच्छ दिसो, काम पुरें झालें नाहीं. मेलेलें यंत्र कोणाला फसवीत नाहीं. पण चुकीचें माप दाखविणारें यंत्र आपल्या धन्याला दुसऱ्या दहा निर्दोष यंत्रांत दोष शोधावयास लावतें. म्हणून रेषा उमटली एवढ्यावर समाधान न मानतां, ती खरें बोलते आहे याची खात्री पटल्यावरच पेटीचें झांकण लावावें.