लिलावातून जडजवाहीर घेताना
बडोद्याच्या गायकवाडांच्या सातपदरी हारातील निवडक 68 मोत्यांचा दुपदरी कंठा 2007 साली न्यूयॉर्कमध्ये, क्रिस्टीज या लिलावगृहात, सुमारे 71 लाख डॉलरना विकला गेला, आणि त्या किमतीत मोत्यांच्या पाण्याइतकेच राजघराण्याच्या मालकीलाही मोल होते. ही पूर्वमालकीची परंपरा कागदपत्रांनी सिद्ध होत नसेल, तर तिच्यासाठी जादा पैसे मोजणे व्यर्थ होय.

सूचीत छापलेला अंदाज म्हणजे किंमत नव्हे. विक्रेत्याने ठरवलेली किमान रक्कम, म्हणजे राखीव किंमत, सहसा गुप्त असते. हातोडा पडल्यावर त्या बोलीवर खरेदीदाराचे शुल्क, जे मोठ्या लिलावगृहांत बहुधा पाचव्या हिश्शाहूनही अधिक असते, आणि कर चढतात.

जुन्या दागिन्यांत हिरे अनेकदा बंद कोंदणात, पाठीमागे चकाकता वर्ख घालून बसवलेले असतात, त्यामुळे खड्याचा खरा रंग व वजन कोंदण न उघडता नेमके सांगता येत नाही. पाचूच्या भेगांत तेल भरण्याची रीत जुनी व सर्वमान्य असली, तरी तेलाचे प्रमाण किमतीत मोठा फरक पाडते. आधुनिक हिऱ्याबाबत तो खाणीतला की प्रयोगशाळेत घडवलेला, हे नुसत्या डोळ्यांना ओळखता येत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त रत्नपरीक्षण संस्थेचा अहवालच लागतो.

लिलावातील वस्तू 'आहे त्या स्थितीत' विकली जाते. त्यामुळे इच्छुकांनी स्थितीचा लेखी अहवाल आधीच मागवावा, प्रदर्शनाच्या दिवशी दागिना भिंगाखाली पाहावा आणि मगच बोली लावावी.