दुखत नाही, म्हणून बीपी नाही?

आज बोलूया पुरुषांच्या एका लाडक्या वाक्याबद्दल: 'मला काय धाड भरलीय?'

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्के जणांचं बीपी वाढलेलं होतं किंवा त्यासाठी गोळ्या चालू होत्या. बायकांमध्ये हेच प्रमाण २१.३ टक्के. आणि बीपी बहुतेकदा दुखतखुपत नाही. मग कळणार कसं? मोजल्यावरच.

बायकांची नर्सताईंशी गाठ पडते गरोदरपणात, बाळाच्या लसीकरणाला. तेव्हा त्यांचं बीपीही बघितलं जातं. पुरुषांना असं निमित्तच नसतं. म्हणून ते आपणच काढायचं. गावातल्या आरोग्य उपकेंद्रात तिशीपुढच्यांचं बीपी, शुगर आणि तोंडाची तपासणी मोफत होते. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी बरेचदा नर्सिंग शिकलेलेच असतात. तंबाखू किती खाता, हे त्यांना खरं सांगा. तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला, तर उपचार सोपे जातात.

आकडा १४०/९० किंवा जास्त आला तर घाबरू नका, पण टाळूही नका. पुन्हा मोजून घ्या, डॉक्टरांना दाखवा.

बाबांना नुसतं 'जा' म्हणू नका. सोबत जा, आणि आधी आपला हात पुढे करा. भेटूया पुढच्या भागात!