झाकली मूठ आणि उघडी आज्ञावली

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संगणकाविषयी बोलण्यासाठी आपण माझ्यासारख्या कला शाखेच्या पदवीधराला पाचारण केलेत, याचे मलाच नवल वाटते आहे. परंतु वृत्तपत्राच्या कचेरीत आयुष्य काढताना हातातील लेखणी गेली, कळफलक आला आणि या विषयात डोकावणे भागच पडले. तेव्हापासून एक मत मी सतत ऐकत आलो आहे. मुक्तस्रोत प्रणालीची आज्ञावली कोणीही उघडून वाचू शकतो, म्हणजे चोरालाही ती वाचता येणार. मग ती सुरक्षित कशी? झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपले वाडवडील सांगून गेलेच आहेत!

अब्रूच्या बाबतीत ही म्हण खरी असेल, कुलपाच्या बाबतीत नाही. ऑगस्त केर्कहॉफ्स या डच पंडिताने १८८३ मध्ये लष्करी गुप्तलेखनाची चर्चा करताना असे तत्त्व मांडले, की गुप्तलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहावी ती केवळ किल्ली. व्हॉट्सअ‍ॅपवरील आपले संदेश २०१६ पासून ज्या पद्धतीने कुलूपबंद होतात, तिचा आराखडा जगजाहीर आहे. (त्या अ‍ॅपची स्वतःची आज्ञावली बंदच आहे, ही गोष्ट निराळी.)

मात्र दुसऱ्या टोकाचे मतही तपासले पाहिजे. आमचे तरुण अभियंते मित्र छातीठोकपणे सांगतात, की हजारो डोळे पाहत असल्यामुळे मुक्तस्रोत सुरक्षितच असते. खरोखर कोणी पाहते का? महाजालावरील व्यवहारांचे रक्षण करणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्तस्रोत आज्ञावलीत २०१२ मध्ये शिरलेली एक गंभीर चूक २०१४ च्या एप्रिलमध्ये उजेडात आली. दोन वर्षे ती सर्वांच्या डोळ्यांसमोर होती! बारभाईची शेती म्हणतात ती हीच.

याहून विलक्षण प्रकार २०२४ चा. माहिती दाबून लहान करणारी ‘एक्सझेड’ नावाची एक छोटी आज्ञावली आहे. लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्यांत ती असते. लासे कॉलिन हा फिनलंडचा गृहस्थ ती विनामोबदला, छंद म्हणून सांभाळत होता. २०२१ च्या सुमारास ‘जिया तान’ असे नाव सांगणारा कोणी मदतीला आला. चांगले काम करी, नम्रपणे बोले. दुसरीकडे काही अनोळखी मंडळी कॉलिनकडे तगादा लावीत होती, की काम फार रेंगाळते आहे, दुसऱ्या कोणाला अधिकार द्या. थकलेल्या माणसाने अखेर दिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये या मदतनिसाने चाचणीसाठी ठेवलेल्या फायलींच्या आड एक चोरदरवाजा दडवला. असा, की दूरवरच्या संगणकांत परक्याला थेट शिरता यावे.

तो पकडला कोणी? अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. तो नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये, हाही एक योगायोगच! संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढेच त्याला खटकले. तो मागे लागला, खोदत गेला आणि २९ मार्चला त्याने जगाला सावध केले. चोरदरवाजा असलेली आवृत्ती तोवर मुख्यतः चाचणीच्या टप्प्यावरच होती, म्हणून मोठा अनर्थ टळला. खुलेपणामुळे परका आत आला हे खरे. पण खोदून पाहण्याची मुभा फ्रॉइंडलाही त्याच खुलेपणाने दिली. आज्ञावली बंद असती तर यंत्र जरा संथ झाले म्हणून तो कदाचित गप्प बसला असता.

आता हे आपल्या घरापर्यंत आणतो. आपल्या खिशातील अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच आहे. पण त्यावर आपण जी अ‍ॅप उतरवून घेतो, त्यांपैकी बहुतेकांची आज्ञावली आपल्याला दिसत नाही. दिसते ती फक्त परवानगीची चौकट आणि आपण न वाचता होकार देतो. विजेरीच्या एका अ‍ॅपवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१३ मध्ये कारवाई केली. ते वापरणाऱ्यांचा ठावठिकाणा जाहिरातदारांना पुरवीत होते. विजेरीला आपण कोठे आहोत हे कशाला कळायला हवे?

यावर घरोघरी ठरलेले उत्तर मिळते: आमच्याकडे लपवण्यासारखे आहे काय? क्षणभर आठवा, मुलीच्या स्थळाविषयी आपण पोस्टकार्डावर लिहीत होतो का? आंतरदेशीय पत्र घेऊन त्याच्या कडा डिंकाने चिकटवीत होतो. त्यात पाप काहीच नव्हते. ती घरातली गोष्ट होती, एवढेच. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. तो अधिकार चौकटीवर बोट टेकवून आपणच देऊन टाकतो.

सभागृहात शिरताना एका आजोबांनी मला विचारले, की परवलीचे शब्द वहीत लिहून ठेवतो, नातू हसतो, चूक आहे का? आजोबा, वही कपाटात कुलपात ठेवीत असाल तर खुशाल लिहा. पण बँकेला एक, ईमेलला दुसरा असा प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द ठेवा आणि नातवाला विचारा, त्याने सगळीकडे एकच तर ठेवलेला नाही ना?