दोष नेहमी साखरेचाच नसतो
(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. मुलांना मराठी शिकवणारा एक साधा शिक्षक आहे. तरीही आज आरोग्यावर बोलण्याचे धाडस करीत आहे, कारण माझ्या हातून झालेली चूक आपल्या हातून होऊ नये.

माझ्या आईला बरीच वर्षे मधुमेह आहे. तीन वर्षांपूर्वी ती फार थकू लागली. भर उन्हाळ्यात अंगावर शाल घेऊन बसे. चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, पोट साफ होईना. आम्ही एकच म्हणायचो, "अम्मी, तू पथ्य पाळत नाहीस, साखर वाढली असणार." ती बिचारी गप्प राही. पुढे नेहमीच्याच गोळ्यांनी तिची साखर दोनदा एकाएकी उतरली, तेव्हा डॉक्टरांनी रक्ताची टी.एस.एच. तपासणी करवून घेतली. दोष पथ्याचा नव्हता, थायरॉइडचा होता. त्या दिवशी आईसमोर मला मान वर करवेना.

गळ्याच्या पुढच्या बाजूस फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते. शालेय पुस्तकात तिला अवटू ग्रंथी म्हणतात. शरीराचा कारभार किती वेगाने चालावा, हे तिची संप्रेरके ठरवितात. ती कमी पडली की सारेच मंदावते. इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकते, म्हणून औषधे घेणाऱ्याची साखर अचानक उतरू शकते, कोलेस्टेरॉलही वाढते. ती जास्त झाली तर साखर आवरत नाही, वजन घटते, छाती धडधडते, हात कापतात. दोन्ही वेळा बोल मात्र रुग्णाच्या जिभेला लागतो!

मधुमेह असणाऱ्यांत थायरॉइडचे विकार इतरांपेक्षा अधिक आढळतात. टाइप १ मधुमेहात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटते. तीच चूक ती पुष्कळदा थायरॉइडच्या बाबतीतही करते. म्हणून अशा मुलामुलींची तपासणी मधुमेहाचे निदान झाल्यावर लवकरच आणि पुढे दर एक-दोन वर्षांनी करावी, असे तज्ज्ञ सांगतात. टाइप २ मध्ये स्त्रिया, उतारवयातील माणसे, घराण्यात थायरॉइडचा विकार असलेले, गळ्याला सूज असलेले किंवा पूर्वी थायरॉइडची शस्त्रक्रिया झालेले यांनी विशेष जपावे. हृदयाच्या ठोक्यांसाठी वा मानसिक आजारासाठी दिली जाणारी काही औषधेही थायरॉइडवर परिणाम करतात; ती चालू असल्यास डॉक्टरांना जरूर सांगावे. आयोडीनयुक्त मीठच वापरावे. पण आयोडीनची औषधे मनाने घेऊ नयेत, कारण अतिरेकही घातकच.

उपचार अवघड नाही. संप्रेरक कमी असल्यास डॉक्टर रोजची गोळी देतात. ती सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी. चहा-न्याहारी अर्ध्या-एक तासाने. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळीत चार तासांचे अंतर ठेवावे. बरे वाटले म्हणून गोळी बंद करू नये. मधुमेहाच्या औषधांचे प्रमाणही त्यानुसार डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

बंधुभगिनींनो, आपल्या घरातील बायामाणसे स्वतःचे दुखणे सहसा बोलून दाखवीत नाहीत. आज घरी गेल्यावर मधुमेह असलेल्या आईला, बहिणीला, पत्नीला एवढेच विचारा, "थकवा वाटतो का? थायरॉइडची तपासणी कधी केली होती?" रागावण्याआधी तपासणी करू या. मी ते उशिरा शिकलो. आपण वेळेवर शिकावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.